वर्गणीदारांची यादी

आधीच माफी मागून ठेवते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीची परीक्षा दिली आणि पुढच्याच आठवड्यात आईच्या मागे डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायला जाऊ लागले, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं जे राहिलं ते राहूनच गेलं. ही वही कुणाला दाखवायची नाही. तरी माफी मागितल्याशिवाय हात पुढे जात नाही.

मी बहरीनला सात वर्षं काढली, नव्वद सालानंतरची. आमची वसईकडे केळीची लहानशी वाडी होती, पण तिच्यावर दोन मुलांचं शिक्षण निघत नव्हतं, म्हणून मी गेले. मनामा शहरात, माहूजमध्ये एका मराठी घरात काम मिळालं. साहेब बँकेत होते. बाई पुण्याच्या. तिथे कॉलेजात इतिहास शिकवायच्या, साहेबांची बदली झाली म्हणून नोकरी सोडून आल्या होत्या. मी त्यांना बाई म्हणायचे, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं.

त्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर मी कुणाला जेवताना पाहिलं नाही. तिथे बाईंचे कागद असायचे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. साहेब ताट मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसायचे आणि म्हणायचे, "आमच्या घरात दोनशे वर्षांपूर्वीचे पाहुणे आलेत, ते उठेपर्यंत आपल्याला टेबल नाही."

मी पहिल्याच दिवशी फडकं घेऊन टेबलाकडे गेले तर बाई ओरडल्या, "अहो, हात नका लावू! रांग लागलीय त्यांची."

"कुणाची?"

"पत्रांची."

मी फडकं घेऊन मागे सरले. मला चारचौघांत बोलता येत नाही. एकट्या माणसाशीही पहिले काही महिने बोलता येत नाही. पण पत्रांची म्हटल्यावर माझं लक्ष राहिलं, कारण पत्रं हे माझंही काम होतं.

ते असं. बहरीनला शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे आमची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, तीसुद्धा शुक्रवारी. मिस्सा झाली की मनामाच्या जुन्या भागात चर्चमागच्या गल्लीत एक खोली होती तिथे आम्ही जमायचो. सगळ्या आमच्याच भागातल्या बायका. कुणी आया, कुणी स्वयंपाकाला, दोघी-तिघी हॉस्पिटलात, एक हॉटेलच्या लाँड्रीत. खोली एका मावशीची. ती सगळ्यांत जुनी, विसाव्या वर्षी आलेली आणि आता केस पांढरे झालेली. मावशी चहा ठेवायची, दाताला मशेरी लावायची आणि म्हणायची, "यल्ला, चला, काढा कागद."

मग आठवड्यात आलेली पत्रं निघायची. निम्म्या बायकांना वाचता येत नव्हतं. ज्यांना येत होतं त्यांना घरचं अक्षर लागत नव्हतं. मला लागायचं. कुणाचंही, कसलंही. म्हणून मी वाचायचे. एरवी माझ्या तोंडातून शब्द निघत नसे, पण दुसऱ्याचं पत्र हातात आलं की माझा आवाज मोकळा व्हायचा. आमच्यात रीतच होती, पत्र एकीचं आलं तरी ऐकायचं सगळ्यांनी.

"'पत्र्याची पेटी मिळाली. कुलूप मिळालं. चावी मिळाली नाही.'" मी वाचायचे.

"चावी माझ्याकडेच राहिली गं!"

"मुद्दाम ठेवली असशील. नवऱ्याला टेरिकॉटचा शर्ट घालून मिरवू द्यायचा नसेल."

"मिरवायला पोट आत तर जायला पाहिजे!"

असं चालायचं. वाचून झालं की उत्तरं लिहायची. तीही मीच. त्या सांगायच्या, मी लिहायचे. गावाला ते पत्र ओट्यावर वाचलं जाणार, शेजारपाजार ऐकणार, हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणून मी जरा नीटनेटकं करून लिहायचे. एखादी सांगायची "बरी आहे", मी लिहायचे "प्रभुकृपेने सुखरूप आहे". दुसरी सांगायची "उकाडा मरणाचा", मी लिहायचे "इथे ऊन कडक असले तरी घरात गारवा असतो". बाहेर जायचं म्हणजे चांगली साडी नेसून जावं, तसं मी प्रत्येकीचं पत्र नेसवून पाठवायचे. मला त्याचा अभिमान होता.

हे सगळं मी बाईंना कसं सांगितलं ते आठवत नाही. वर्ष झालं असेल. त्या त्यांच्या कागदांविषयी आपणहून बोलायच्या, कारण साहेब ऐकायचे नाहीत आणि दुसरं कुणी नव्हतं.

"फ्रान्समध्ये त्या काळाला उजेडाचं शतक म्हणतात," त्या म्हणाल्या.

"म्हणजे वीज आली होती?"

"नाही हो, मेणबत्त्याच! विचारांचा उजेड." आणि त्या इतक्या हसल्या की मला आत जाऊन लपावंसं वाटलं. पण हसणं वाईट नव्हतं. मग त्या समजावून सांगू लागल्या. पॅरिस शहरात काही बायका होत्या, आठवड्याचा एक वार ठरवून घरी माणसं जमवायच्या. लेखक, शास्त्रज्ञ, सरदार, सगळे यायचे. लांब गेलेल्या कुणाचं पत्र आलं की ते तिथे मोठ्याने वाचायचं. आवडलं तर त्याच्या नकला काढायच्या आणि दुसऱ्या घरी पाठवायच्या. लिहिणाऱ्यालाही ठाऊक असायचं की आपण एकाला लिहितोय पण ऐकणार चाळीसजण.

"टपालाचं काय?" मी विचारलं.

"ते मजेशीर होतं. पत्राचे पैसे पाठवणाऱ्याने नाही, घेणाऱ्याने द्यायचे. किती लांबून आलं आणि किती जाड आहे त्यावर. आणि राजाची माणसं पत्रं फोडून वाचायची, म्हणून लोक पोस्टात टाकण्यापेक्षा जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती द्यायचे."

"आम्हीपण हातानेच देतो," मी म्हणाले. "रजेवर जाणारीच्या बॅगेत." आणि मग खोलीचं, मावशीचं, वाचण्याचं सगळं बोलून गेले. माझ्या आयुष्यात मी सलग इतकं कधी बोलले नव्हते. बाईंनी पेन खाली ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक चित्र दाखवलं. रस्त्याच्या कडेला लहानशी टपरी, आत चष्मेवाला म्हातारा लेखणी घेऊन बसलेला, समोर डोक्याला पांढरी टोपी घातलेली मोलकरीण खाली बघत सांगतेय.

"हे पत्रं लिहून देणारे. पैसे घेऊन लिहायचे. मोठ्या माणसाला लिहायचं असेल तर भाषा भारी आणि पैसे जास्त. हा म्हातारा म्हणजे तुम्ही."

मी त्या म्हाताऱ्याकडे पाहिलंच नाही. मी त्या मोलकरणीकडे बघत राहिले. ती काय सांगत असेल, आणि त्याने त्यातलं किती लिहिलं असेल.

आता माझ्या मैत्रिणीविषयी लिहायला पाहिजे. ती आमच्याच गावची. माझ्यानंतर सहा महिन्यांनी आली. एजंटने तिला हॉस्पिटलात सफाईचं काम सांगून आणलं आणि बुसैतीनला एका आठ माणसांच्या घरात स्वयंपाकाला लावलं. ती विधवा. मुलगी शाळेत, आजीकडे. पहिल्या शुक्रवारी ती खोलीत आली तेव्हा तिने सांगितलं, "घरी लिही की हॉस्पिटलात लागले. गावभर तेच सांगून आलेय. आता कुणाच्या घरी चूल फुंकते म्हणून कसं सांगू?"

तिथे पोस्टमन दारात येत नाही. पत्र मालकाच्या नाहीतर कंपनीच्या पेटीत येतं, आणि पत्त्यावर नुसता पेटीचा आकडा. त्या आकड्यावरून गावाला काही कळायला मार्ग नव्हता. मी लिहिलं, हॉस्पिटलात लागले.

तिने तेवढंच सांगितलं होतं. बाकीचं मी घातलं. एकदा बाईंना घेऊन दवाखान्यात गेले होते तेव्हा पाहिलेलं सगळं: चकचकीत फरशी, काचेचं आपोआप उघडणारं दार, पांढरा कोट. पुढच्या पत्रांत मी तिला सुपरवायझर केलं. ऐकताना ती हसायची, म्हणायची, "बढती दिलीस काय मला? पगार कोण वाढवणार?" पण थांबव म्हणाली नाही. चार वर्षं ती पत्रं गेली. आणि चौथ्या वर्षी मुलीचं पत्र आलं की बारावी झाली, मी नर्सिंगला जाते, तुझ्यासारखं हॉस्पिटलात काम करायचंय. खोलीत टाळ्या वाजल्या. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं आणि मी कागद घडी करत बसले.

पुस्तकाचं वेड त्यानंतरचं.

बाई एकदा सांगत होत्या की त्या काळात पुस्तक छापायचं तर आधी वर्गणी गोळा करायचे. वाचणाऱ्यांनी पैसे आधी द्यायचे, मग छापायचं, आणि पुस्तकाच्या सुरुवातीला सगळ्या वर्गणीदारांची नावं. त्यांनी तशी एक यादी मला वाचून दाखवली. नावापुढे माणूस काय करतो तेही होतं. अमुक, सरदार. तमुक, शस्त्रवैद्य. त्याच्या खाली हातमोजे शिवणारा. त्याच्या खाली एका धर्मगुरूची विधवा.

"सरदाराच्या खाली हातमोजेवाला?" मी विचारलं.

"अक्षरांच्या क्रमाने नावं आहेत ना. यादीत सगळे एका रांगेत."

ते माझ्या मनात बसलं. सगळे एका रांगेत. पाच-सहा दिवस मी पोळ्या लाटताना तेच घोकत होते. मग एका शुक्रवारी, वाचन झाल्यावर, मी खोलीत तोंड उघडलं. आपल्या पत्रांतले चांगले चांगले भाग काढून एक लहान पुस्तक करू या. आपल्या वसईकडचा छापखाना लग्नपत्रिका छापतो, तो छापेल. प्रत्येकीने तीन दिनार. पुढे सगळ्यांची नावं.

सगळ्या माझ्याकडे वळून बघू लागल्या. मी बोलले याचंच त्यांना नवल.

"माझं नाव पुस्तकात?" लाँड्रीवाली म्हणाली.

"दुकानांच्या उधारीच्या वह्यांत आहेच की सगळीकडे," मावशी म्हणाली. "आता पुस्तकातही येऊ दे." आणि चोळीतून तीन दिनार काढून तिने चहाच्या ट्रेमध्ये टाकले. "घे. पहिली मी. पण माझी मशेरी लिहू नकोस."

चोवीस जणींनी दिले. माझा पगार महिन्याला पंचेचाळीस दिनार होता, म्हणजे त्या ट्रेमध्ये माझा दीड महिना पडला होता. मैत्रिणीनेही दिले. मी सांगितलं की तुझं हॉस्पिटलचं काही घालणार नाही, तुझं फक्त ते खजुराच्या झाडाचं वर्णन घालते. ती म्हणाली, "तुला काय घालायचं ते घाल. मला थोडंच वाचता येतं."

मी दोन महिने दुपारी बसून वही तयार केली. बाईंनी शुद्धलेखन तपासलं. एकदा मला लाज वाटली तेव्हा म्हणाल्या, "त्या पॅरिसच्या बायकांचं तुमच्याहून वाईट होतं. नंतरच्या पुरुषांनी दुरुस्त करून छापलं." शेवटी यादी केली. ती मी बाईंना दाखवली नाही, ती माझी हौस होती. वर्गणी मांडलेल्या वहीतून सगळ्यांची नावं उतरवली, अक्षरांच्या क्रमाने, आणि प्रत्येक नावापुढे तिचं काम. आया, माहूज. स्टाफ नर्स, मनामा. लाँड्री. त्याखाली मैत्रिणीचं नाव, स्वयंपाक, बुसैतीन.

मला वाटलं होतं, ही यादी म्हणजे त्या पुस्तकातली सगळ्यांत सुंदर गोष्ट. नर्स आणि आया एका रांगेत. आया हा शब्द छापील अक्षरांत. लिहिताना मी एकदाही थांबले नाही. चार वर्षं मी त्याच हाताने दुसरं काही लिहीत होते, ते त्या दुपारी माझ्या डोक्यातच आलं नाही. पत्र हे एक, यादी हे दुसरं, असं काहीतरी माझं झालं असावं. वही आणि अर्धे पैसे रजेवर जाणाऱ्या एकीबरोबर गेले.

सहा आठवड्यांनी ती परत आली आणि छापखान्याचे कच्चे कागद घेऊन आली. शुक्रवार. मावशीने चहासुद्धा थांबवला. मी उभी राहून यादी वाचली. चौथ्या-पाचव्या नावापर्यंत हसणं चालू होतं. मग खोली शांत होत गेली, आणि मी मूर्खासारखं वाटून घेतलं की ऐकून भारावल्यात. मी शेवटपर्यंत वाचलं.

"हे छापणार?" कुणीतरी म्हणालं.

"माझ्या नवऱ्याने बहिणीच्या सासरी ऑफिस सांगितलंय."

"माझ्याही."

"गावाच्या लेखी मी बालवाडीत शिकवते गं! आया कुठली?"

मैत्रीण पुढे सरकली. तिने विचारलं, "त्याबरोबर चिठ्ठी आहे ना? वाच."

छापखानावाल्याची चिठ्ठी होती. मी वाचली. पुस्तक छान होईल, यादी फार आवडली, आमच्या ओट्यावर चारजणांनी वाचली, तुमच्या गावच्या दोघी पत्रिका न्यायला आल्या होत्या, त्याही वाचून गेल्या.

तिने चिठ्ठी माझ्या हातातून घेतली. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती उलटसुलट करून बघितली. "आमच्या गावच्या दोघी," ती म्हणाली. "म्हणजे गाव. आणि पोरगी महिनाअखेरीला हॉस्टेलवरून घरी जाते."

"फोन कर," कुणीतरी म्हणालं.

"फोन मेट्रनच्या टेबलावर असतो. मेट्रनसमोर पोरीला काय सांगू?"

मावशीने मशेरीची डबी बंद केली. "रविवारी लाँड्रीवाली रजेवर चाललीय. सोमवारी हॉस्टेलच्या दारात कागद पोचतो. गावाने सांगायच्या आधी तू सांग. बाकीच्या बाहेर व्हा. खलास."

बायका चपला शोधत बाहेर गेल्या. खोलीत आम्ही दोघी राहिलो आणि दाराशी आमच्याकडे पाठ करून मावशी. मी पॅड काढलं. मी "चिरंजीव" असं लिहिलं.

"काय लिहिलंस?"

"चिरंजीव."

"खोड. माझ्या तोंडचं लिही. तुझं एक अक्षर घालशील तर कागद फाडीन."

मी नवीन कागद घेतला. ती भिंतीकडे बघून बोलत होती, थांबून थांबून. मी जसंच्या तसं उतरवलं. ते मला अजून पाठ आहे.

"पोरी, मी हॉस्पिटलात नाही. कधीच नव्हते. मी एका अरबी घरात स्वयंपाक करते. आठ माणसं आहेत. घरची बाई बरी आहे. मोठा मुलगा ओरडतो, मारत नाही. पाचला उठते. शुक्रवारी मला चर्चला सोडतात. हॉस्पिटल लिहायला मी सांगितलं. लाज वाटली म्हणून सांगितलं. पांढरा कोट मी सांगितला नव्हता."

ती थांबली. मी पेन उचललं.

"लिही. पांढरा कोट लिहिणारीने आपल्या मनाने लिहिला."

मी ते लिहिलं.

"तू माझ्याकडे बघून नर्स होत असशील तर होऊ नकोस. तुला व्हायचं असेल तर हो. फी मी भरते ती खरी आहे. तेवढं खरं आहे. गावात कुणी काही बोलेल, त्याआधी मी सांगते."

"आणखी?"

"आणखी काय? नाव लिही."

"सही कर."

तिने अंगठा नाही लावला. तिला स्वतःचं नाव काढता येत होतं, मीच शिकवलं होतं. ते तिने काढलं, कागद घेतला, आणि माझ्याकडे न बघता गेली. पुढच्या शुक्रवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मिस्सेला दिसायची, मागच्या बाकावर, आणि आशीर्वादाआधीच निघून जायची. तिची पत्रं आता बुसैतीनच्या कोल्ड स्टोअरमधला, म्हणजे तिथल्या किराणा दुकानातला, एक जण वाचतो, असं मावशीने सांगितलं.

पुस्तक मी थांबवलं. छापखानावाल्याने कळवलं की जुळणी झाली, कागद आणला, पैसे परत मिळणार नाहीत. त्याचंही बरोबर होतं.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्या. यादी मागितली. मी दिली. त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला यादीतली माणसं दाखवली. पैसे असून ज्यांनी नाव छापू दिलं नसेल, त्यांचा विचार मीसुद्धा कधी केला नाही. पंधरा वर्षं या याद्या वाचतेय." मग म्हणाल्या, "पैसे मी देते. सगळ्यांचे. आजच."

मी नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं, दोन दिवस नीट बोलल्या नाहीत. पण पैसे पडले तो ट्रे माझ्यासमोर होता, बाईंच्या नाही. मी एवढंच मागितलं की गुरुवारी दुपारी मला मोकळीक द्यावी. वरच्या मजल्यावरच्या दोन घरांची इस्त्री मी धरली.

हातात जे उरलं होतं त्यातून मी लगेच बाराजणींचे दिले. ज्यांचा पगार सगळ्यांत कमी त्यांचे आधी. बाकीच्यांत महिन्याला एकीचे, कधी दोघींचे. बायका घेताना म्हणायच्या राहू दे गं. मी राहू दिलं नाही. मावशीने घेतले आणि म्हणाली, "मफी किताब, मफी नाव. पुस्तक नाही, नाव नाही. माझी मशेरी वाचली."

पत्रं मी वाचत होते, लिहीतही होते, पण आता कुणी "बरी आहे" म्हणालं तर "बरी आहे" लिहायचे. एक-दोघींना आवडलं नाही. "पूर्वी कसं छान लिहायचीस," म्हणायच्या. मग मी विचारायचे, काय घालू ते तू सांग. आणि त्या विचार करत बसायच्या. पत्रं आखूड झाली. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की त्यांच्या कागदांतल्या सुंदर पत्रांकडे आता त्या वेगळ्या नजरेने बघतात. समोरच्या चाळीसजणांसाठी लिहिलेलं वाक्य कुठलं आणि एकट्यासाठी कुठलं, हे शोधायला लागल्यात. सापडतं का, मी विचारलं. कधीकधी, त्या म्हणाल्या. जिथे शाई पुसलेली आहे तिथे जास्त.

नऊ महिने गेले. यादीत एकच नाव राहिलं होतं. तिचे तीन दिनार मी पाकिटात घालून दर शुक्रवारी नेत होते आणि परत आणत होते.

एका शुक्रवारी मी वाचत असताना ती आली. दारातच बसली. मावशीने कप पुढे सरकवला. सगळ्यांचं वाचून झाल्यावर तिने चोळीतून एक पत्र काढलं. घड्या इतक्या वेळा मोडल्या होत्या की कागद चिंधीसारखा झाला होता.

"त्या कोल्ड स्टोअरवाल्याने वाचलं," ती म्हणाली. "पण तो सामानाची यादी वाचल्यासारखा वाचतो. कांदे दोन किलो, आई तुझी आठवण येते, साबण एक."

मावशी हसली. मी कागद उलगडला. मोठ्याने वाचू का, असं नजरेने विचारलं.

"मनात वाच. मग मला हळू सांग."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. मुलीचं अक्षर टोकदार होतं. लिहिलं होतं की मला खूप राग आला होता, त्यानंतर तीन महिने आलेलं तुझं काही वाचलं नाही. अजून थोडा आहे. गावातल्या लोकांनी सांगितलं, पण तोवर तुझं पत्र आलं होतं, त्यामुळे मी म्हणू शकले की मला ठाऊक आहे. मेट्रनने सगळ्यांना विचारलं आई काय करते, मी सांगितलं की आई स्वयंपाक करते. मी नर्सिंग सोडत नाही. इथे पांढरा कोट आम्हालाही नाही, निळा ड्रेस आहे, त्याचा रंग जातो. आणि मग नुसते प्रश्न. आठ माणसांना भात किती घालतेस? तिथे मासे कुठले मिळतात? तू कधी जेवतेस, त्यांच्या आधी की नंतर? झोपतेस ती खोली केवढी आहे? खिडकी आहे का?

मी हळू आवाजात एकेक सांगत गेले. ती मान हलवत होती.

"चार वर्षं एकदाही तिने असं विचारलं नव्हतं," ती म्हणाली.

"विचारायला जागाच नव्हती," मी म्हणाले.

"तू ठेवली नव्हतीस." ती माझ्याकडे बघत होती. मग पॅडकडे बोट केलं. "लिही. भात तीन किलो. मासे हामूर असतात, आपल्या पापलेटाची सर नाही. मी नंतर जेवते. खिडकी आहे, पण तिच्यासमोर पाण्याची टाकी आहे."

मी लिहिलं, तेवढंच. पत्र अर्ध्या पानाचं झालं. तिने सही केली, आता पहिल्यापेक्षा सरळ. मी पाकीट पुढे केलं.

"हे काय?"

"तुझे तीन दिनार."

"माझे राहू दे म्हटलं तर?"

"सगळ्यांचे दिले. तुझेच राहिलेत."

तिने पाकीट उघडलं, एक-एक दिनारच्या तीन नोटा बोटाने वेगळ्या केल्या, मोजल्या, आणि पत्राबरोबर चोळीत ठेवल्या. मी यादीतल्या तिच्या नावावर रेघ मारली. कुणाचं काही देणं उरलं नाही.